दारावरून निघताना

आमच्या खानदेशात कुणी वारलं की त्या घरी भेटायला जाण्याला 'दारावर जाणं' म्हणतात. पेपरात आणि व्हॉट्सॲपवर त्याचं 'द्वारदर्शन' होतं, पण बोलताना दारावरच. मी लहानपणापासून दारावर जात आले. जळगावात आमच्या गल्लीतल्या बायका दारावर निघाल्या की माझी आई सगळ्यात पुढे असायची, आणि मला सांभाळायला घरी कुणी नसल्यानं मीही तिच्या पदराला धरून. त्यामुळे दारावरचे नियम मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. चपला काढताना आवाज करायचा नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, पदर नसेल तर ओढणी. आत गेल्यावर नमस्कार नाही, 'कशा आहात' नाही. जिच्यावर बेतलंय तिच्याशेजारी जाऊन बसायचं. रडू आलं तर रडायचं, नाही आलं तर मान खाली घालायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निघताना 'येते' म्हणायचं नाही. नुसतं उठायचं आणि चालू लागायचं. घरचेही 'या' म्हणत नाहीत. अशा कारणानं पुन्हा त्या घरी यायची वेळ येऊ नये, म्हणून.

हे सगळं इतकं पक्कं ठाऊक असलेली मी एका दारावरून निघताना 'येते' म्हणाले. तेही माझ्या सगळ्यात जवळच्या बाईच्या दारावर. त्या एका शब्दाचं पुढे काय झालं ते सांगायचंय, पण त्यासाठी आधी अक्का कोण ते सांगायला हवं.

अक्का माझी नात्यानं कुणी नव्हे. आम्ही दोघी अमळनेरला वीज कार्यालयात कारकून होतो आणि दोघी धुळ्याहून अप-डाऊन करायचो. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. सगळं ऑफिस तिला अक्का म्हणायचं, साहेबसुद्धा. सकाळी धुळ्याच्या स्टँडवर जी आधी पोचेल तिनं खिडकीतून रुमाल टाकून दोघींची जागा धरायची, असा आमचा करार होता. बहुतेक वेळा तिचाच रुमाल असायचा. संध्याकाळी परत आलो की ती देवपूरच्या रिक्षाकडे वळायची आणि मी माझ्या. वळताना मी म्हणायचे, "येते गं अक्का." ती म्हणायची, "ये, वाट बघते." वास्तविक मी कुठंच येणार नसायचे, दुसऱ्या दिवशी स्टँडवरच भेटायचो. पण वर्षानुवर्षं हेच बोलून आम्ही एकमेकींना सोडलं.

ऑफिसात आम्हा दोघींकडे तक्रारीची खिडकी होती. ज्यांनी ती खिडकी पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही. लाइट गेलेला माणूस निम्मा राग घरी काढतो आणि निम्मा आमच्यासाठी राखून आणतो. त्यात ऐन कपाशीला पाणी द्यायच्या दिवसात शिवारातली डीपी, म्हणजे वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली की बघायलाच नको. पाच-सहा जण मोटारसायकलवर यायचे आणि खिडकीच्या लोखंडी जाळीवर थापा मारायचे. "डीपी जळी गयी, बठ्ठं वावर वाळी राहिनं, तुम्ही आठे पंख्याखाल बठेल शेत!" यात खोटं काही नसायचं. वावर खरंच वाळत असायचं आणि आम्ही खरंच पंख्याखाली असायचो. पण माझं डोकं असं की समोरच्यानं आवाज चढवला की माझा त्याच्या वर एक पट्टी जायचा. मी त्याला सांगायचे की डीपी मी जाळली नाही. यावर तो काय म्हणणार? भांडण पेटायचं आणि मग आतून साहेब बाहेर यायचे.

अक्का खुर्चीवरून उठून बाजूच्या दारानं बाहेर जायची. तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "पयले बठा भाऊ, पानी पी ल्या." एरवी ती माझ्याशी चांगली पुस्तकी मराठी बोलायची, पण चिडलेल्या माणसाशी अहिराणीतच. मग कुठल्या गावाहून आलात, निघताना काही खाल्लंत का, मोटर कितीची, हे विचारायची. माणूस बोलत राहायचा, ती मान हलवत ऐकत राहायची. डीपी लगेच मिळणार नसायची आणि ती तसं स्पष्ट सांगायची, खोटं आश्वासन कधी दिलं नाही. तरी जाताना तोच माणूस 'येतो अक्का' म्हणून जायचा. मला याचा राग यायचा. मी एकदा तिला म्हटलं, "तू लोकांना डोक्यावर चढवून ठेवतेस." ती हसली आणि डब्यातलं भरीत माझ्या पोळीवर वाढत म्हणाली, "अगं, त्याला डीपी नाही देता येत आपल्याला. निदान खुर्ची तरी देऊ."

तिच्याकडून मी हे थोडंथोडं शिकले. पुढे पुढे मीही दार उघडून बाहेर जायला लागले, पाणी द्यायला लागले. तिच्याइतकं जमलं नाही, पण साहेबांना बाहेर यायची गरज पडेनाशी झाली. लोकांना समजून घेणं शेवटी सरावानं येतं.

जे मला आलं नाही ते निराळंच. एकदा तारा तुटल्याची तक्रार मी टिपून घेतली आणि घाईत शेजारच्या गावाचं नाव लिहिलं. लाइनमन भलत्याच गावाला जाऊन आला, तिथल्या लोकांची त्यानं बोलणी खाल्ली, आणि ज्यांच्या तारा तुटल्या होत्या ते अंधारात राहिले. कुणाला इजा झाली नाही. लाइनमननं दुसऱ्या दिवशी थट्टा केली आणि विषय संपला. माझा संपला नाही. मी डबा उघडेना. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसायचे. अशा वेळी माझं मन मला काय काय ऐकवतं ते मी दुसऱ्या कुणाला ऐकवलं तर माझ्या दारात कुणी उभं राहणार नाही. अक्कानं एक दिवस पाहिलं, दुसऱ्या दिवशी पाहिलं. मग बस चालू असताना तिनं माझ्या पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"हीच चूक माझ्या हातून झाली असती, तर मला उपाशी ठेवलं असतंस का?"

"तुला कशाला ठेवीन?"

"मग हिला का ठेवतेस?" तिनं माझ्याकडं बोट करून विचारलं, जणू मी तिसरीच कुणी बाई होते. "ही काय तुझ्या शत्रूची पोर आहे?"

मला हसू आलं आणि मी जेवले. तिचं बोलणं मला पटलं होतं, पण पटलेलं सगळं अंगी लागतंच असं नाही.

अक्काचे मिस्टर, ज्यांना मी दाजी म्हणायचे, ते एका सकाळी पाणी भरता भरता ओट्यावर टेकले आणि गेले. आजारी नव्हते, वयही काही फार नव्हतं. मुलगा पुण्याला नोकरीला. घरात अक्का, तिच्या सासूबाई आणि अंथरुणाला खिळलेले सासरे. मी बातमी ऐकली तेव्हा स्टँडवर होते, रुमाल टाकून जागा धरलेली होती. त्या दिवशी माझ्याशेजारी एक अनोळखी बाई बसून अमळनेरपर्यंत आली. मला तिचा विनाकारण राग येत राहिला.

ऑफिसातल्या आम्ही पाच-सहा जणी मिळून दारावर गेलो. बाहेर मांडवात पुरुष प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले, आत सतरंजीवर बायका. अक्का भिंतीला टेकून कोपऱ्यात. मी तिच्याशेजारी बसले, पाठीवर हात ठेवला. तिनं वर पाहिलं नाही. बायकांचा नवा घोळका आत आला की कुणीतरी विचारायचं, "कसं काय झालं हो?" आणि सासूबाई पहिल्यापासून सांगायच्या. पाणी भरत होता, नळ चालूच होता, ओट्यावर बसला. आम्ही होतो तेवढ्यात तो नळ तीन-चारदा तरी चालू राहिला. प्रत्येक वेळी माझ्या हाताखाली अक्काची पाठ ताठ व्हायची. मला वाटलं, या बायकांना सांगावं की पुरे करा आता. पण दारावर तसंही कुणी म्हणत नाही.

सोबतच्या बायकांनी खुणावलं, परतीची वेळ झाली होती. आम्ही उठलो. मी अक्काच्या पाठीवरून हात काढून घेतला आणि माझ्या तोंडून निघालं, "येते गं अक्का."

रोजच्यासारखंच निघालं, अगदी त्याच सुरात. कुणीतरी तोंडानं 'च्' असा आवाज काढला. सासूबाईंनी सांगणं मध्येच थांबवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दारवर असं कोनी म्हनस का बाई?" आमच्यातल्या एकीनं माझं कोपर धरून मला बाहेर ओढलं. त्या गडबडीत मी मागे वळून पाहिलं तर अक्कानं मान वर केली होती. आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच. ती सरळ माझ्याकडे बघत होती. काय होतं त्या नजरेत, मला कळलं नाही. मी माझ्या मनानं ठरवून टाकलं की तिला ते फार लागलं.

रिक्षात एक जण म्हणाली, "होतं गं असं, सवयीनं निघून जातं." दुसरी म्हणाली, "निघून जातं खरं, पण निघू नये." मी पहिलीचं विसरले आणि दुसरीचं धरून बसले.

गंधमुक्तीच्या दिवशी, म्हणजे आमच्याकडे सुतक फिटतं त्या दिवशी, मी गेले नाही. मला बघून तिथल्या बायका पुन्हा कुजबुजतील आणि अक्काला पुन्हा तेच आठवेल, असं मी स्वतःला सांगितलं. चार दिवस जाऊ द्यावेत, मग निवांत भेटावं. चार दिवस गेले, पण तेवढ्यात ते झालं ज्यानं माझे पाय पार बांधले गेले. महिना पुरता झाला नसेल, अक्काचे सासरे वारले.

ऑफिसच्या ग्रुपवर निरोप आला, तो मी दोनदा वाचला. मी शिकलेली बाई आहे. शब्दानं माणूस मरत नाही हे मला कुणी सांगायला नको. पण आईबरोबर ज्या दारांवर बसून मी मोठी झाले ती दारं माझ्या आत होती, आणि ती सगळी एकदम बोलायला लागली. तू येते म्हणालीस, बघ, पुन्हा यायची वेळ आली. सगळं ऑफिस गेलं. मी ताप आल्याचं सांगून घरी राहिले. ताप नव्हता. मी दिवसभर काही खाल्लं नाही आणि पुढे कितीतरी शनिवार उपास धरले. घरच्यांना वाटलं, काही व्रत असेल.

अक्काचा एकदा फोन आला होता. ती दोन्ही मरणं होऊन गेल्यावरची गोष्ट. टेबलावर फोन वाजत होता आणि पडद्यावर तिचं नाव दिसत होतं. मी बघत बसले. काय बोलायचं? आधी माफी मागायची की आधी कशी आहेस विचारायचं? विचार करेपर्यंत फोन थांबला. मग परत करायचा तर उचलला का नाही, हे सांगावं लागणार. मी उद्या करू म्हटलं. असे उद्या माझ्याकडे बरेच झाले. तिचा पुन्हा फोन आला नाही.

आज मला स्वतःची चीड येते ती त्या फोनची येते. 'येते' म्हणाल्याची येत नाही. तेव्हा मात्र मला वाटत होतं की मी पश्चात्ताप करते आहे, म्हणजे काहीतरी चांगलंच करते आहे. उपाशी राहते, झोपत नाही, मनातल्या मनात तिचे पाय धरते. इतकं सगळं तिच्यासाठी करत होते आणि तिच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं. धुळ्यात तिचं घर माझ्या घरापासून रिक्षानं पंधरा-वीस मिनिटांवर.

अक्का रजेवर होती. तिच्या खुर्चीवर तात्पुरती दुसरी मुलगी बसायला लागली. जाळीवर थापा मारणारे लोक आत डोकावून विचारायचे, "त्या अक्का कोठे शेत?" मी सांगायचे, रजेवर आहेत, बसा, पाणी घ्या. एवढं मात्र मी नेमानं करत होते, अगदी तिच्यासारखं. कुणाचं काय जळलंय, कुणाचं पीक वाळतंय, ते शांतपणे ऐकायचे. समजूतदार बाई म्हणून त्या वर्षी साहेबांनी माझं चारचौघांत कौतुकही केलं. मला ते ऐकून बरं वाटलं होतं, हे आठवलं की लाज वाटते.

रजा संपायच्या सुमारास सगळे म्हणत होते, अक्का आता येईल. मी पुन्हा दोन जागांसाठी रुमाल टाकायला लागले. ती आली नाही. तिनं स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिल्याचं कळलं. मला वाटलं, माझ्याशेजारी बसायला नको म्हणून दिला. इतका उफराटा विचार करायला डोकं लागतं, आणि ते माझ्याकडे भरपूर आहे. निरोपाच्या कार्यक्रमालाही ती आली नाही. ऑफिसनं घेतलेली साडी कुणीतरी घरी नेऊन दिली. पुढे आईचं वय झालं होतं, तेही कारण होतंच, मी विनंती बदली घेऊन जळगावला आले. आता धुळ्याचा स्टँड रोज दिसणार नव्हता.

जळगावला दोन उन्हाळे गेले. त्यानंतरच्या थंडीत आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं. डोळ्यांच्या दवाखान्यात आईला आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. समोरच्या बाकावर डोळ्याला हिरवी पट्टी, वर काळा चष्मा अशी एक म्हातारी नर्सशी बोलत होती. "माले दिसनार शे ना व बाई पहिलासारखं?" आवाज ऐकला आणि मी ओळखलं. अक्काच्या सासूबाई. सोबत त्यांचा भाचा होता, तो औषधं आणायला गेलेला. यावलकडे त्यांचं माहेर, तिकडूनच त्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या.

दुसराही डोळा अधू असावा, त्यांना मी दिसत नव्हते. उठून आत आईजवळ गेले असते तर कुणाला काही कळलं नसतं. माझे पाय तसे उठलेही. मग काय झालं कोण जाणे, मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "आजी, मी. अक्काबरोबर ऑफिसात होते ती."

त्यांनी चाचपून माझा हात धरला. मला वाटलं, आता येतंय ते. त्या म्हणाल्या, "तू येस म्हने व्हती ना व माय. मंग का बरं नही उनी?"

का आले नाही ते मी सांगितलं. दारावर चुकले ते, नंतर सासरे गेले ते, माझ्या तोंडाचा गुण ते, सगळं. एवढी वर्षं मनात घोळवलेली माफी त्या बाकावर, फिनेलच्या वासात मागितली. त्या ऐकता ऐकता हसायला लागल्या. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला हसू सोसेना, म्हणून गालावर हात दाबून हसत होत्या.

"तो डोकरा दोन वरीसपाईन खाटलावर व्हता. तुन्हाघाई मरना का तो?" मग हसू थांबलं. "मन्हं तोंड बळो. चार बायासमोर तुले बोली गऊ. पन ती रोज तुन्ही वाट देखे. सकायले आवरीसन उंबरठावर बठे. म्हने, ती येवाव शे, तिन्हासंगे मी जासू हापिसमा. एकली काय ती मोटरमा बठनी नही."

मी पुन्हा पुन्हा विचारलं, माझ्यासोबत बसनं ऑफिसला यायला, रोज? त्या म्हणाल्या, रोज. रजा संपेपर्यंत.

पुढच्या सुट्टीला मी धुळ्याला गेले. फोन न करताच गेले, कारण फोन करायचा म्हटलं असतं तर पुन्हा उद्यावर गेलं असतं. अक्कानं दार उघडलं. केस बरेच पिकले होते, बाकी तशीच. "अगं, तू?" म्हणाली, आत घेतलं, पाणी दिलं. जळगावला थंडी कशी आहे, आई कशी आहे, माझ्या मुलीचं काय चाललंय, सगळं विचारलं. खिडकीवरच्या माणसाला विचारायची तसंच. मला ते ओळखू आलं. मी तिच्या घरी तक्रार घेऊन आलेली बाई झाले होते.

मी विषय काढला. ती स्वयंपाकघरात चहा करत होती, मी दाराशी उभी. माझ्याकडे पाठ करून ती बोलली, त्यामुळे तिला बोलता आलं असावं.

"त्या दिवशी किती बायका येऊन गेल्या गं. आल्या, बसल्या, विचारलं, रडल्या, उठल्या आणि गेल्या. कुणी वळून बघितलं नाही. बघायचंच नसतं, मलाही माहीत आहे. मीही अशीच किती दारांवरून उठून आले असेन. पण त्या कोपऱ्यात बसल्यावर कळतं. प्रत्येक जण उठून जाताना वाटतं, ही आता कायमची चालली. एक तू येते म्हणालीस. मला वाटलं, चला, एक जण तरी परत येणार आहे."

"मला वाटलं, तुला लागलं ते."

"लागलं असतं तर फोन केला असता का मी?"

चहा उतू जायला आला, तिनं पातेलं खाली घेतलं. मी म्हटलं, मी स्वतःला माफच करू शकत नव्हते अक्का, जेवत नव्हते, तुला माहीतच आहे माझं. ते बोलता बोलताच मला ऐकू आलं की मी तिला माझंच दुःख सांगते आहे.

"माहीत आहे ना," ती म्हणाली. "शिक्षा तू तुला दिलीस. भोगायला मी होते घरात."

रागानं म्हणाली नाही. साखर किती घालू, हे विचारावं तशा आवाजात म्हणाली. तिनं कप माझ्या हातात दिला आणि आम्ही बाहेरच्या खोलीत, त्याच भिंतीशी बसून चहा घेतला. ती आता दिवसभर काय करते, विचारलं. काही नाही, म्हणाली. सासूबाई माहेरी गेल्या की घर खायला उठतं. नोकरी सोडल्याचं वाईट वाटतं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही, पण तिनंच आपणहून विचारलं की खिडकीवर आता कोण बसतं, लोक फार चिडतात का, जाळी तशीच आहे का. मी म्हटलं, मला तरी कुठं माहीत, मीही नाही आता तिथे. ती म्हणाली, "हो की."

मला ती खिडकी तिला परत द्यायची होती. कुणाला देता येते? ती खरंच परतायला तयार होती. कुणीतरी सकाळी दाराशी येऊन 'चल' म्हणायचं तेवढं बाकी होतं, आणि त्या सकाळी मी पंधरा-वीस मिनिटांवर उपास करत बसले होते. तिनं मला एकदा चालत्या बसमध्ये सांगितलं होतं की हिला उपाशी ठेवू नकोस. दारावरून आल्यावर मी जेवले असते, स्वतःला म्हटलं असतं की होतं बाई असं, सवयीनं निघून जातं, तर दुसऱ्याच दिवशी तिच्या दारात उभी राहिले असते. स्वतःवर जरा दया करायची होती, ती मी केली नाही, आणि नोकरी मात्र तिची गेली.

निघायची वेळ झाली. दाराशी चपला घालताना काय म्हणावं ते मला सुचेना. शेवटी म्हटलं, "येते गं अक्का."

ती दाराला टेकून उभी होती. म्हणाली, "बघू."

मी जाते आता, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, बहुतेक वेळा. कधी चुकतं. चुकलं की पूर्वीसारखी तोंड लपवून बसत नाही, त्याच संध्याकाळी फोन करते आणि सांगते की आज जमलं नाही. ती बरं म्हणते. गेले की भरीत करते, आग्रह करून वाढते, आम्ही खूप बोलतो, हसतोही. निघताना मी दर वेळी 'येते' म्हणते आणि क्षणभर थांबते. ती अजून 'ये' म्हणालेली नाही.